सर्व्हरवरचा व्हिडिओ सुरू होत नाही, अडकतो, आवाज येत नाही: फाइलपासून सर्व्हरपर्यंत तपासणीचा क्रम

व्याख्यानं, कीर्तनं, शिबिरं, शाळेचे पाठ यांची रेकॉर्डिंग्ज संस्थांच्या स्वतःच्या वेबसाइटवर लावून द्यायचं काम मी करतो. रेकॉर्डिंग चढवलं की थोड्याच दिवसांत फोन येतो आणि त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर्व्हर स्लो आहे, मोठा प्लॅन घेऊ का?" प्लॅनला हात लावण्याआधी फाइल तपासा, एवढंच माझं सांगणं असतं. सर्व्हरच्या माथी मारलेला दोष बहुतेक वेळा फाइलमध्येच सापडतो आणि तो काढायला पैसे लागत नाहीत.

इथे लिहिलंय ते साध्या मांडणीबद्दल: सर्व्हरवर एमपी४, एम४ए किंवा एमपी३ फाइल ठेवली आहे आणि पानावरच्या प्लेअरमधून लोक ती बघतात किंवा ऐकतात. थेट प्रक्षेपणाची दुखणी वेगळी, ती इथे घेतलेली नाहीत.

लक्षणं

तक्रार नेमकी कोणती, हे आधी वेगळं काढा. "चालत नाही" या दोन शब्दांत किमान सात वेगवेगळे दोष लपलेले असतात.

- प्ले दाबल्यावर चाक फिरत राहतं, बऱ्याच वेळाने अचानक सुरू होतं आणि मग शेवटपर्यंत एकदाही अडकत नाही.
- मधल्या भागावर बोट ठेवलं की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, किंवा जागचा हलतच नाही.
- अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर चालतो, आयफोनवर मुळीच नाही.
- आवाज येतो, पडदा काळा.
- चित्र दिसतं, आवाज नाही. किंवा आवाज इअरफोनमध्ये येतो आणि फोनच्या स्पीकरवर गायब होतो.
- सुरुवात झटपट होते, पण दर थोड्या वेळाने थांबतो.
- सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, तासाभराने आवाज मागे किंवा पुढे गेलेला असतो.

पहिलं लक्षण सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात सोपं सुटतं. तरी त्याच्याही आधी काही गोष्टी बघून घ्याव्यात, कारण त्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

फुकटच्या तपासण्या

तक्रार करणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: फोन कोणता, ब्राउझर कोणता, वायफायवर की मोबाइल डेटावर. एकाच माणसाची, एकाच जागेवरून तक्रार असेल तर फाइलला हात लावू नका. वेगवेगळ्या गावांतून एकच लक्षण येत असेल तर पुढे चला.

मग सर्व्हरवरच्या फाइलचा आकार आणि तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळवून बघा. 'साधारण तेवढाच दिसतोय' यावर थांबू नका. एफटीपीने मोठी फाइल चढवताना मध्येच वीज किंवा नेट गेलं की अर्धवट फाइल वर राहते आणि तिचं नाव मात्र पूर्ण असतं. व्हिडिओ ठरावीक मिनिटाला सगळ्यांकडेच थांबत असेल तर हीच शंका आधी घ्यावी.

नाव बघा. बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं आणि तिथे मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांत फरक केला जातो. कॅमेऱ्याने शेवटी मोठ्या अक्षरांत 'एमपी४' लिहिलेलं असतं, पानावरच्या दुव्यात ते लहान अक्षरांत असतं, आणि विंडोजवर तपासताना हा घोळ कळतच नाही. नावातली मोकळी जागा आणि कंस काढून टाका. फाइलचं नाव लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच ठेवा. मराठी शीर्षक पानावर लिहायला जागा असतेच.

पान सुरक्षित पत्त्यावर, म्हणजे कुलूप असलेल्या एचटीटीपीएसवर उघडत असेल तर व्हिडिओचा दुवाही तसाच हवा. साध्या एचटीटीपीचा दुवा ब्राउझर अडवू शकतो आणि बघणाऱ्याला कारण काही सांगत नाही.

पुढची चाचणी माझ्या मते सगळ्यात मोलाची. मूळ फाइल कॉम्प्युटरवरून उचलून सरळ क्रोमच्या रिकाम्या खिडकीत टाका. "व्हीएलसीमध्ये छान चालते हो" हे मला नेहमी ऐकायला मिळतं, पण त्यावरून काहीच ठरत नाही. व्हीएलसी हा प्लेअर स्वतःचे कोडेक, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून साठवण्याच्या व उलगडण्याच्या पद्धती, बरोबर घेऊन येतो, म्हणून जवळजवळ काहीही वाजवतो. ब्राउझरला मोजकेच प्रकार समजतात. तुमच्याच कॉम्प्युटरवर, नेटशिवाय, क्रोममध्ये पडदा काळा राहिला किंवा आवाज आला नाही, तर सर्व्हर निर्दोष सुटला. चित्र आणि आवाज दोन्ही नीट आले, तर दोष फाइलच्या मांडणीत, वजनात किंवा सर्व्हरच्या उत्तरात आहे.

अनुक्रमणिका शेवटी राहिलेली

उशिरा सुरू होणाऱ्या व्हिडिओचं हे मुख्य कारण, म्हणून जरा सविस्तर.

एमपी४ फाइल आतून कप्प्यांची बनलेली असते. दोन कप्पे आपल्या कामाचे. 'एमडॅट' या कप्प्यात खरा माल, म्हणजे चित्राच्या आणि आवाजाच्या फ्रेमा. 'मूव्ह' या कप्प्यात त्या मालाची अनुक्रमणिका: कोडेक कोणता, लांबी किती, कोणत्या क्षणाची फ्रेम फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे. ही अनुक्रमणिका हातात आल्याशिवाय ब्राउझर पहिली फ्रेमसुद्धा दाखवू शकत नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याला माहीत नसतं की वक्ते किती वेळ बोलणार. म्हणून तो आधी माल लिहीत जातो आणि थांबवलं की शेवटी अनुक्रमणिका लिहितो. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापावी, तसं. एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर्स वेगळं सांगितलं नाही तर हेच करतात. कॉम्प्युटरवर पूर्ण फाइल समोर असल्यामुळे काही बिघडत नाही. सर्व्हरवरून मात्र फाइल पहिल्या बाइटपासून यायला लागते आणि हवी ती गोष्ट असते शेपटाला.

सर्व्हर शहाणा असेल तर ब्राउझर मधला भाग सोडून थेट शेपूट मागतो, अनुक्रमणिका वाचतो आणि परत पुढे येतो. चांगल्या वायफायवर हा हेलपाटा जाणवत नाही, कमकुवत मोबाइल नेटवर काही सेकंद खातो. सर्व्हरला मधला तुकडा देता येत नसेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत बसून राहावं लागतं. हिशेब करून बघा: फाइल ७०० एमबीची, ऐकणाऱ्याच्या फोनला ८ एमबीपीएसचा (सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ एमबी) वेग मिळतोय. उतरायला ७०० सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ १२ मिनिटं चाक फिरणार. त्यानंतर सगळी फाइल फोनमध्येच असल्यामुळे व्हिडिओ एकदाही अडकत नाही. 'खूप उशिरा सुरू होतो, मग मात्र सुरळीत' असं कुणी सांगितलं की मी दुसरीकडे बघतच नाही. आणि तासाभराच्या रेकॉर्डिंगची अनुक्रमणिका असते किती, तर दोन एमबींच्या आसपास.

तपासायला 'मीडियाइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात सविस्तर माहिती दाखवण्याचा पर्याय चालू केला की 'इज स्ट्रीमेबल' अशी ओळ दिसते. तिच्यापुढे 'नो' असेल तर अनुक्रमणिका शेवटी आहे.

दुरुस्तीत व्हिडिओ पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे नव्याने दाबून बनवायची, गरज नाही. फक्त कप्प्यांची जागा बदलायची आहे, चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही. कमांड चालवता येत असेल तर एफएफएमपेग या मोफत साधनात कोडेकच्या जागी 'कॉपी' द्या आणि 'मूव्हफ्लॅग्ज' या पर्यायाला 'फास्टस्टार्ट'. तासाभराची फाइल साध्या लॅपटॉपवरही चहा गाळेपर्यंत तयार होते, कारण ती फक्त नकलून काढली जाते. कमांड नको असेल तर लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या एक्स्पोर्टच्या पर्यायांत फास्टस्टार्ट असतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढत असाल तर डिलिव्हरच्या पानावर 'नेटवर्क ऑप्टिमायझेशन' ही खूण करा. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या खुणेने होतं. पण हँडब्रेक व्हिडिओ नेहमी नव्याने एन्कोड करतो. बाकी सगळं ठीक असताना केवळ अनुक्रमणिकेसाठी तो वापरला तर वेळ जातो आणि दर्जाही थोडा उतरतो. एरवी एन्कोड करावंच लागणार असेल तर ती खूण विसरू नका.

एम४ए ऑडिओ फाइलची बांधणीही हीच असते, त्यामुळे तिलाही हे दुखणं होतं. एमपी३मध्ये असे कप्पे नसतात, पण तिथे त्याच चालीचा वेगळा त्रास आहे: मुखपृष्ठाचं चित्र. एमपी३च्या आत चिकटवलेलं चित्र फाइलच्या सुरुवातीला बसतं. कुणी उत्साहाने ६ एमबीचं पोस्टर चिकटवलं की आवाजाचा पहिला कण येण्याआधी ते सहा एमबी उतरतात. चित्र १०० केबीच्या आत आणा, किंवा काढूनच टाका.

नवी फाइल चढवल्यावर जुन्याच नावाने ठेवली असेल आणि मध्ये सीडीएन (फाइलच्या प्रती ठिकठिकाणी साठवून देणारी सेवा) असेल, तर तिथली साठवलेली प्रत पुसायला सांगा. नाहीतर दुरुस्ती होऊनही लोकांपर्यंत जुनीच फाइल जात राहते आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो.

आवाज आहे, चित्र नाही

मीडियाइन्फोमध्येच व्हिडिओच्या भागात प्रकार बघा. 'एव्हीसी' म्हणजे एच.२६४. हा २००३ सालचा कोडेक आहे आणि आज लोकांच्या हातात असलेला जवळजवळ प्रत्येक फोन तो हार्डवेअरमधून वाजवतो. 'एचईव्हीसी' म्हणजे एच.२६५, २०१३ सालचा. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन 'हाय एफिशियन्सी' या सेटिंगवर याच कोडेकमध्ये रेकॉर्ड करतो. तो ब्राउझरमध्ये चालणं त्या यंत्राच्या हार्डवेअरवर अवलंबून असतं, म्हणून ज्याने रेकॉर्ड केलं त्याच्याकडे दिसतो आणि संस्थेच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फक्त आवाज येतो. यापुढची रेकॉर्डिंग्ज आयफोनवर करणाऱ्याला सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कंपॅटिबल' असं बदलायला सांगा. झालेली फाइल एच.२६४मध्ये आणावी लागेल.

एव्हीसी दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. खाली रंगाची माहिती किती बारकाईने साठवली आहे ते सांगणाऱ्या 'बिट डेप्थ' आणि 'क्रोमा सबसॅम्पलिंग' अशा दोन ओळी असतात. तिथे ८ बिट आणि ४:२:० हवं. लग्नसमारंभाचं शूटिंग करणारे काही कॅमेरे १० बिट, ४:२:२ असं रेकॉर्ड करतात. रंगकामासाठी ते उत्तम असतं, पण फोनमधल्या डीकोडरला ते झेपत नाही. कोडेक बरोबर असूनही पडदा काळा राहतो तो यामुळे. हँडब्रेकमध्ये साधा 'एच.२६४ एक्स२६४' हा एन्कोडर निवडलात, त्याचा १० बिटवाला भाऊ नाही, की हे आपोआप सुटतं. १०८० रेषांचा, सेकंदाला ३० पर्यंत फ्रेमांचा व्हिडिओ एच.२६४च्या 'हाय' प्रोफाइल, लेव्हल ४.० (वाजवणाऱ्या यंत्रावर किती ताण येईल याची ठरलेली पायरी) मध्ये बसतो, ७२० रेषांचा ३.१ मध्ये. याच्या वर जायचं कारण व्याख्यानाला नसतं.

हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर ते हँडीकॅमचं इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेघा आलटूनपालटून टिपणारं, रेकॉर्डिंग आहे. एन्कोड करतानाच डीइंटरलेस करून घ्या. नंतर प्लेअरकडून ते होत नाही.

आवाजाची दुखणी

व्याख्यान आणि कीर्तन यांत चित्र थोडं धूसर असलं तर लोक सांभाळून घेतात. शब्द कळला नाही तर बंद करतात. म्हणून इथे मी कधीच घाई करत नाही.

चित्र आहे आणि आवाज अजिबात नाही, तर ऑडिओच्या भागात प्रकार बघा. 'एएसी' हवा. हँडीकॅमच्या एमटीएस फाइली एव्हीसीएचडी प्रकारच्या असतात आणि त्यांत आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये असतो. कुणी त्या फाइलीचं वेष्टण बदलून एमपी४ केलं की चित्र एच.२६४ असल्यामुळे दिसतं, पण क्रोम आणि फायरफॉक्सला एसी-३ कळत नाही. चित्र तसंच ठेवून फक्त आवाज एएसीमध्ये बदलायचा, ४८ किलोहर्ट्झवर.

आता ते विचित्र लक्षण: इअरफोनमध्ये आवाज येतो, फोन टेबलावर ठेवला की येत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की हॉलमध्ये रेकॉर्डिंग लावतानाच केबल बघतो. साउंडवाला मिक्सरमधून बॅलन्स्ड लाइन देतो. त्या केबलमध्ये दोन तारांवर एकच आवाज असतो, पण एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. रेकॉर्डिंगवाला ती कॅमेऱ्याच्या स्टिरिओ पिनेत घालतो. कॅमेरा एका तारेला डावी बाजू समजतो आणि दुसरीला उजवी. हेडफोन लावले की दोन कानांत दोन बाजू वेगवेगळ्या पोचतात, म्हणून ऐकू येतं. आवाज जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो इतकंच. एकच स्पीकर असलेल्या फोनमध्ये दोन्ही बाजूंची बेरीज होते. सुलटा अधिक उलटा, उत्तर शून्य. वक्त्यांचे ओठ हलताहेत आणि फोन जवळजवळ मुका.

तपासायला फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एखादा शब्द मोठा करून बघा. वरच्या पट्टीत लाट जिथे वर जाते तिथेच खालच्या पट्टीत ती खाली जात असेल, आरशात बघितल्यासारखी, तर हाच दोष. उपाय म्हणजे एक बाजू टाकून द्यायची. हँडब्रेकच्या ऑडिओच्या पानावर मिक्सडाउनमध्ये 'मोनो लेफ्ट ओन्ली' निवडलं की काम होतं. नुसतं 'मोनो' निवडू नका. तिथेही बेरीजच होते, आणि मग इअरफोनमध्ये येणारा आवाजही जातो. संगीताचा कार्यक्रम असेल तर ऑडॅसिटीत एक बाजू उलटी करून बघता येईल, पण एकाच लाइनवर आलेल्या भाषणाला मोनोच योग्य. आवाज एकाच कानात येत असेल, तर ज्या बाजूला आवाज आहे ती ठेवून मोनो करा.

आवाज बारीक येतो ही तक्रार असेल तर लाउडनेस मोजून उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप) आसपास आणा आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ॲपलने पॉडकास्टसाठी हेच प्रमाण सुचवलं आहे आणि भाषणाला ते चांगलं लागू पडतं. एका मालेतली सगळी व्याख्यानं एकाच पातळीवर असली की ऐकणाऱ्याला दर वेळी आवाजाच्या बटणाकडे हात न्यावा लागत नाही.

ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जात असतील तर कारण बहुधा फ्रेमांचा बदलता वेग असतं. फोन उजेड आणि तापमानाप्रमाणे सेकंदाला कमी-जास्त फ्रेमा घेतो. त्या फाइलीवर एडिटिंग करताना सॉफ्टवेअरने वेग स्थिर धरला की तासाभरात फरक साचतो. एडिटिंगच्या आधीच हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या. एडिट झाल्यावर हे दुरुस्त करणं फार किचकट आहे.

वजन

सुरुवात झटपट पण अडकत अडकत, म्हणजे फाइल नेटच्या मानाने जड आहे. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४के, ३० फ्रेमांचं रेकॉर्डिंग मिनिटाला १७० एमबी घेतं. तासाला १० जीबीच्या वर. हे जसंच्या तसं वर ठेवलं तर कोणताही सर्व्हर पुरणार नाही.

एकटा वक्ता, स्थिर कॅमेरा असेल तर ७२० रेषा आणि व्हिडिओला १.५ एमबीपीएस पुरतात. आवाजाला ९६ केबीपीएस धरले तर तासाची फाइल सुमारे ७२० एमबीची होते. नाटक किंवा नृत्य असेल, मंचावर सतत हालचाल असेल, तर २.५ ते ३ एमबीपीएस लागतात. फळ्यावरचं लिखाण किंवा बारीक अक्षरांच्या स्लाइड्स असतील तर १०८० रेषा ठेवा. स्लाइडवर हालचाल नसल्यामुळे बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, तेवढा वाढत नाही.

दर्जा स्थिर ठेवून एन्कोड करत असाल, हँडब्रेकमधला आरएफ हा दर्जाचा आकडा २२-२३ ठेवून, तर सरासरी कमी दिसते, पण टाळ्या आणि प्रेक्षकांवर फिरणारा कॅमेरा आला की त्या क्षणी बिटरेट उसळतो आणि नेमका तिथेच व्हिडिओ थांबतो. म्हणून कमाल मर्यादा घालावी: 'व्हीबीव्ही मॅक्सरेट' सरासरीच्या दीडपट आणि बफर त्याच्या दुप्पट, एवढ्यावर माझं काम भागतं.

इथेच संस्थांना मी हक्काने एक आग्रह करतो. प्रत्येक व्याख्यानाबरोबर फक्त आवाजाची वेगळी फाइल द्या. भाषण ६४ केबीपीएस मोनो एएसीमध्ये स्वच्छ ऐकू येतं आणि तासाला जेमतेम २९ एमबी लागतात. ज्यांच्या गावात नेट धड येत नाही, ज्यांचा दिवसाचा पॅक नातवंडांच्या अभ्यासात संपतो, त्यांच्यापर्यंत व्याख्यान पोचवायचा हाच खरा रस्ता आहे. ही फाइल करायला पाच मिनिटं लागतात आणि ती न दिल्याने किती ऐकणारे गळतात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

एकाच पानावर वीस व्हिडिओ लावले असतील तर प्लेअरच्या 'प्रीलोड' पर्यायाला 'नन' किंवा फार तर 'मेटाडेटा' द्या. नाहीतर पान उघडताच सगळे एकदम उतरायला लागू शकतात आणि बघायचा असतो तो एकच मागे पडतो.

सर्व्हरचं उत्तर

फाइल सर्व बाजूंनी ठीक आहे आणि तरीही पुढे सरकवता येत नाही किंवा आयफोनवर चालत नाही, तेव्हाच सर्व्हरकडे वळा.

क्रोममध्ये पान उघडून एफ१२ दाबा, 'नेटवर्क' या पट्टीवर जा आणि व्हिडिओ सुरू करा. व्हिडिओच्या ओळीसमोर २०६ हा आकडा हवा. त्याचा अर्थ, ब्राउझरने मागितलेला तुकडा सर्व्हरने दिला. २०० दिसत असेल तर सर्व्हर तुकड्याची मागणी धुडकावून अख्खी फाइल देतोय. आयफोनचा सफारी सुरुवातीला फक्त पहिले दोन बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेतो आणि तुकडा मिळाला नाही तर व्हिडिओ सुरूच करत नाही. म्हणून हा दोष आयफोनवर आधी दिसतो.

अपाचे आणि एनजिनएक्स ही सर्व्हरची सॉफ्टवेअर्स साध्या फाइलींसाठी हे न सांगता करतात. बिघडतं ते मध्ये स्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइटचा छोटा प्रोग्रॅम, आली की: सभासदांनाच दिसावं म्हणून पीएचपी या भाषेतल्या स्क्रिप्टमधून फाइल वाचून दिलेली असते आणि त्या स्क्रिप्टला तुकडे करता येत नाहीत. अशा वेळी परवानगी तपासायचं काम पीएचपीकडे ठेवा आणि फाइल देण्याचं काम सर्व्हरकडे सोपवा. एनजिनएक्समध्ये 'एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट' आणि अपाचेमध्ये 'एक्स-सेंडफाइल' त्याचसाठी आहेत. सर्व्हर जाता-जाता व्हिडिओलाही जीझिप करतोय, म्हणजे पाठवताना पुन्हा दाबतोय, का तेही बघा. आधीच दाबलेल्या व्हिडिओला त्याचा काही फायदा होत नाही आणि तुकडे देणं मात्र बिघडतं.

त्याच ओळीवर टिचकी मारली की 'कंटेंट-टाइप' दिसतो. तिथे 'व्हिडिओ/एमपी४' हवं, एम४एसाठी 'ऑडिओ/एमपी४', एमपी३साठी 'ऑडिओ/एमपेग'. 'ऑक्टेट-स्ट्रीम' असेल तर काही ब्राउझर वाजवण्याऐवजी फाइल उतरवून ठेवायला विचारतात.

एवढं जमल्यावर मग रुंदीचा हिशेब. सर्व्हरची बाहेर जाणारी लाइन १०० एमबीपीएस आणि फाइल १.६ एमबीपीएसची, तर कागदावर ६० जण एकाच वेळी बघू शकतात. मी ४० धरतो. मोठ्या प्लॅनचा प्रश्न इथे येतो, त्याआधी नाही.

तुकड्यांचं स्ट्रीमिंग

काही जण पहिल्याच तक्रारीला एचएलएस सुचवतात. २००९ साली ॲपलने आणलेली ही पद्धत: व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे, दोन-तीन वेगवेगळ्या वजनांत, आणि त्यांची यादी. नेट कमी-जास्त झालं की प्लेअर हलक्या किंवा जड तुकड्यांवर जातो. ऐकणारे विखुरलेले, नेट फार अस्थिर आणि प्रेक्षक शेकड्यांत असतील तर ती जरूर घ्यावी. महिन्याला दोन व्याख्यानं लावणाऱ्या वाचनालयाला मी ती सुचवत नाही. नीट केलेली एमपी४ तिथे पुरते आणि कुणालाही सांभाळता येते.

करायचीच असेल तर की-फ्रेमा, म्हणजे दुसऱ्या फ्रेमांवर न टेकता पूर्ण चित्र देणाऱ्या फ्रेमा, सांभाळा. एक्स२६४ स्वतःहून २५० फ्रेमांपर्यंत एकच की-फ्रेम घालू शकतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमा असतील तर १० सेकंदांना एक. तुकडा मात्र की-फ्रेमवरच कापता येतो. दर ५० फ्रेमांना म्हणजे २ सेकंदांना एक की-फ्रेम ठेवा, सगळ्या वजनांत त्याच जागी, आणि तुकडे ६ सेकंदांचे करा. की-फ्रेमा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर वजन बदलताना चित्र उडी मारतं. तुकडे वेगळ्या पत्त्यावर ठेवले असतील तर त्या सर्व्हरने तुमच्या पानाला परवानगी द्यावी लागते, नाहीतर थेट दुवा चालतो आणि पानावर काहीच दिसत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

क्रोममध्ये, व्हीएलसीमध्ये, कुठेच फाइल उघडत नसेल आणि एफएफएमपेग 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' म्हणत असेल, तर रेकॉर्डिंग संपण्याआधीच कॅमेरा बंद पडलेला आहे. माल असतो, अनुक्रमणिका लिहिलीच गेलेली नाही. ते कार्ड लगेच बाजूला ठेवा, त्यावर पुढचं काहीही रेकॉर्ड करू नका, फॉरमॅट करू नका, कार्ड दुरुस्त करायला विचारणाऱ्या विंडोजला नाही म्हणा. त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर केलेलं दुसरं चांगलं रेकॉर्डिंग सोबत घ्या आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे जा. त्या नमुन्यावरून अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते. वक्ते आता हयात नाहीत अशी रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आली आहेत. तिथे घरी प्रयोग करू नयेत.

सर्व्हरच्या सेटिंग फाइली तुम्ही आधी कधी उघडल्या नसतील तर २०६च्या दुरुस्तीसाठी त्यांत हात घालू नका. एका चुकीच्या ओळीने अख्खी वेबसाइट बंद पडते. शेअर्ड होस्टिंगवर तर ते तुमच्या हातातही नसतं. पैसे भरून बघायचे कार्यक्रम, नक्कल रोखणारं कुलूप आणि एकाच वेळी शेकडो प्रेक्षक, ही तिन्ही कामं अनुभवी माणसाचीच.

त्याला बोलावताना "व्हिडिओ चालत नाही" एवढंच सांगू नका. फाइलचा थेट दुवा, मीडियाइन्फोचा पूर्ण मजकूर, एफ१२च्या खिडकीचा आकड्यासह फोटो आणि तक्रार करणाऱ्याचा फोन, ब्राउझर, नेट ही माहिती एकाच मेलमध्ये पाठवा.